शेवंतीकाकींचा कलप

माझे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते त्या दिवसांत लालबागमध्ये माझ्याविषयी ज्या अफवा पसरल्या, त्यांतल्या बहुतेक खोट्या आहेत. मी नोटा छापत नव्हतो. मला कुठलाही रोग झाला नव्हता. पोलिसांच्या गाडीवर डांबर ओतणाऱ्यांतही मी नव्हतो. या एका अफवेमुळे चाळीत माझा मान थोडे दिवस वाढला होता, म्हणून ती मी मुद्दाम खोडून काढली नाही इतकंच. मी फक्त एका बाईचे केस रंगवले होते. हे वाक्य लिहून पाहिल्यावर तेही फारसं बरं दिसत नाही, तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगतो.

शेवंतीकाकी आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. मूळच्या मालवणकडच्या. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा रघु गिरणीत कामाला होता. छप्पन सालच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही अशी बातमी रेडिओवर आली त्या आठवड्यात, भर दुपारी रस्त्यावर गलका झाला म्हणून "बघून येतो" म्हणत रघु खाली उतरला तो परत वर आलाच नाही. गोळीबारात गेलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, जखमींत नव्हतं, पकडलेल्यांत नव्हतं. मी माझगावला गोदीतल्या एका कचेरीत कारकून. अक्षर बरं, म्हणून काकींचे अर्ज मीच लिहायचो. एकूण सतरा अर्ज लिहिले. सगळ्यांना एकच उत्तर आलं, की अर्ज योग्य त्या खात्याकडे पाठवण्यात आला आहे. एका खात्यानं मात्र बेपत्ता इसमानं स्वतः हजर राहून खुलासा करावा असं कळवलं होतं.

वर्षभरात काकींचे केस कापसासारखे पांढरे झाले. मग सत्तावन्न साल उजाडलं, निवडणुका आल्या, चाळीच्या भिंतींवर मी स्वतः माझ्या बऱ्या अक्षरात घोषणा रंगवल्या, आणि एका संध्याकाळी काकी मला गॅलरीत थांबवून हळूच म्हणाल्या, "दत्तू, तो येता रे."

"कोण?"

"रघु. रोज दुपारी. उंबऱ्यार उभो रवता. आत बघता, माझ्याकडे बघता, आणि परत जाता. मी हाक मारलंय तरी थांबणा नाय."

आता अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण चौदा वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला समोर कागद आला की शेरा मारल्याशिवाय राहवत नाही. मी म्हणालो, "काकी, तुमचे केस पांढरे झालेत ना. त्याला वाटत असेल, खोली चुकली."

मी हे त्यांच्या मनाला बरं वाटावं म्हणून बोललो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो तेव्हा त्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माका केस काळे करून दी."

बायकांपैकी कुणी पुढे येईना. विधवा बाई, साठीला आलेली, आणि केसांना कलप. चाळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मी आशेनं माझ्या पत्नीकडे, मृणालिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "बोललात तुम्ही. निस्तरा तुम्हीच. दार उघडं ठेवायचं, मी बाहेर तांदूळ निवडत बसेन."

मग सल्ले सुरू झाले. काम करायला कुणी नसलं तरी ते कसं करावं हे आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक असतं. कुणी बाभळीची साल लोखंडी कढईत उकळायला सांगितली. कुणी काजळ आणि खोबरेल सुचवलं. एकानं बुटाच्या पॉलिशचं नाव काढलं आणि त्यावर गंभीरपणे चर्चाही झाली. तळमजल्यावरचे कोंडीराम तर गिरणीच्या रंगखात्यातून मुकादम म्हणून निवृत्त झालेले. ते वर येऊन म्हणाले, "हे बघ दत्ताराम, आधी खार लावून मळ काढायचा. मग रंग. मग कांजी. नाहीतर पहिल्या धुण्यात उतरतो."

"ते कापड नव्हे, कोंडीराम. काकींचं डोकं आहे."

"धागा तो धागा," ते म्हणाले.

शेवटी मी नाक्यावरच्या दवाखान्यातल्या कुशाबा कंपाउंडरकडे गेलो. कुशाबा स्वतःच्या मिशांना काहीतरी लावतो हे सगळ्या लालबागला माहीत होतं. त्यानं दोन बाटल्या दिल्या. एकीत पाण्यासारखं औषध, दुसरीला नासक्या अंड्यांचा वास. "आधी ही लावा, मग ती," तो म्हणाला. "हात धुवा. आणि हो, नंतर हातांना ऊन लागू देऊ नका."

"किती दिवस?" मी विचारलं. पण तोवर तो दुसऱ्या कुणाला तरी खोकल्याचं औषध देऊ लागला होता.

रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला काकी दाराकडे तोंड करून पाटावर बसल्या. खांद्यावर जुनं पातळ घेतलं होतं. मी मागे उभा राहिलो. घोषणा रंगवायचा ब्रश तीनदा धुऊन आणला होता, पण पाचच मिनिटांत त्याचे केस काकींच्या केसांत अडकू लागले. एका डोक्यावर दोन प्रकारचे केस झाले तर निवडणार कोण, म्हणून मी ब्रश टाकला आणि हातांनीच औषध चोळायला लागलो.

आमची चाळ दुपारची कधी शांत नसते. नळावर भांडण असतं, कुणाचा तरी रेडिओ असतो, खाली फेरीवाला असतो. त्या दुपारी यातलं काही नव्हतं. मृणालिनीच्या सुपाचा आवाज येत होता तेवढा. दारातून उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि काकींच्या पायांपाशी संपत होती. मी दुसरी बाटली उघडली. वास खोलीभर झाला. मी दोन्ही हात त्यांच्या केसांत घातले, आणि माझ्या लक्षात आलं की सुपाचा आवाज थांबलाय.

मग उन्हाची पट्टी निम्मी झाली. दारात कुणी उभं राहिलं की होते तशी.

मी मान वर करणार तोच काकी अगदी हळू म्हणाल्या, "हलू नको."

मी हललो नाही. आपण हुकूम पाळला याचा मला अभिमान वगैरे नाही. माझी मान वर होतच नव्हती. मी खाली बघत राहिलो. हातांखाली काकींचं डोकं गरम लागत होतं. थोड्या वेळानं पट्टी पुन्हा पुरी झाली, आणि बाहेर सूप वाजायला लागलं.

मी उंबऱ्यापर्यंत जाऊन मृणालिनीला विचारलं, "कोण आलं होतं?"

"कुणी नाही," ती म्हणाली. मग तिनं सूप खाली ठेवलं. "म्हणजे, मी पाय आवरून घेतले. कुणाला तरी पुढे जायचं होतं म्हणून. वर बघितलं तर कुणीच नव्हतं."

आत काकी म्हणाल्या, "आज तो जरा जास्त वेळ थांबलो."

केस मात्र काळे झाले. नको इतके. त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर दुसऱ्याच कुणा तरुण बाईचे केस ठेवल्यासारखे दिसत होते. काकींनी आरशात पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि मला खोबऱ्याची वडी दिली. मी हात धुतले. हात स्वच्छ होते, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

सोमवारी सकाळी मी ट्राममध्ये खिडकीशी बसलो आणि नेहमीप्रमाणे हात खिडकीच्या दांडीवर ठेवले. छान कोवळं ऊन होतं. भायखळ्याच्या आसपास शेजारचा गृहस्थ उठून पलीकडे जाऊन बसला. मला वाटलं, उतरायचं असेल. मग मी खाली पाहिलं. बोटांच्या पेरांतून काळं वर येत होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते पसरत गेलं, जसा टीपकागद शाई पितो तसं. उतरेपर्यंत दोन्ही हात दुसऱ्याचे झाले होते.

कचेरीत मस्टरवर सही करताना हेडक्लार्कनी चष्मा काढला. "हे काय?"

"कलप, साहेब."

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे पंचेचाळीसाव्या वर्षापासून एकही केस नाही. त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि दुपारी माझ्या टेबलावर मेमो आला: आपले हात काळे का आहेत याचा लेखी खुलासा चोवीस तासांत करावा. मी खुलासा लिहिला. तो "कागद मलिन आहे" या शेऱ्यासह परत आला, कारण त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. दुसरा लिहिला, तोही तसाच परत आला. शेवटी मी सरकारी कागदपत्रांना हात लावू नये असा तोंडी हुकूम झाला. आठवडाभर मी हात मांडीवर ठेवून बसलो आणि शिपाई माझ्यासाठी फायलींची पानं उलटत राहिला. चौदा वर्षांच्या नोकरीत माझं काम इतकं वेळेवर कधी झालं नव्हतं, असं हेडक्लार्क सगळ्यांदेखत म्हणाले. ते मला लागलं.

घरी लिंबू झालं, चिंच झाली, वीट झाली, रॉकेल झालं. कोंडीरामनी गिरणीतली कसलीशी पांढरी भुकटी आणून चोळली. कातडं गेलं, रंग राहिला.

तिसऱ्या दिवशी पंजे दिसायला लागले. गॅलरीच्या कठड्यावर, नळाच्या खांबावर, संडासच्या कडीवर, मृणालिनीच्या ठेवणीतल्या पातळावर. कुशाबा म्हणाला, रविवारी जिथे जिथे हात लागला तिथे औषध मुरलं; ऊन पडेल तसतसं ते वर येणार. चाळीचं त्यानं समाधान झालं नाही. चाळ आतून नुकतीच रंगवली होती. कोंडीराम खडू घेऊन आले आणि मला बरोबर घेऊन पंजान् पंजा तपासायला लागले. प्रत्येक ठशावर मी हात ठेवायचा, त्यांनी भोवती रेघ ओढायची आणि म्हणायचं, "तुझाच." बावीस ठसे झाले. बावीसही माझे निघाले. मागे बघ्यांची रांग होती.

तेविसावा खाली जिन्याच्या तोंडाशी होता. बघे तोवर कंटाळून गेले होते. मी हात ठेवला. माझ्या बोटांच्या पुढे त्या ठशाची बोटं एकेक पेर जास्त होती.

कोंडीरामनी वर पाहिलं. जिन्याच्या वळणावर आणखी एक ठसा होता. त्याच्या वर आणखी एक. उजव्या हाताचे सगळे, भिंतीला टेकत टेकत वर चढत गेल्यासारखे.

"जिन्यात ऊन येत नाही," मी म्हणालो.

"मला माहीत आहे," कोंडीराम म्हणाले. त्यांनी खडू खिशात ठेवला.

आम्ही ठशांमागून वर आलो. शेवटचा काकींच्या दाराच्या चौकटीवर होता, बाहेरच्या बाजूला, माझ्या खांद्याच्या उंचीवर. काकी तांब्या घासत होत्या. आम्हाला बघून उठल्या, चौकटीपाशी आल्या आणि त्या काळ्या पंजावर त्यांनी आपला छोटा हात ठेवला. "असोच टेकून उभो रवता तो," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, जसं काही मलाच आठवण करून द्यायची होती, "त्या दिवशी तू औषध चोळत होतस ना, तेव्हा माझ्या डोक्यार चार हात होते रे."

कोंडीरामना त्या संध्याकाळी आमच्याकडे तीन कप चहा लागला. गिरणीत चाळीस वर्षं माणसं हाकलेला माणूस, पण जाताना म्हणाला, "दत्ताराम, खालपर्यंत ये जरा. मला गुडघ्याचा त्रास आहे." याआधी त्यांच्या गुडघ्याबद्दल कुणी काही ऐकलं नव्हतं.

मतदानाचा दिवस आला तेव्हा माझे हात तसेच होते, आणि आता मला वेगळीच काळजी लागली. मत देताना बोटाला शाई लावतात. माझं बोट आधीच काळं. मी आधीच मत देऊन आलोय असं म्हणून हाकलून दिलं तर? वर्षभर भिंती रंगवल्या, मोर्च्यांत चाललो, आणि मतच देता येऊ नये. मृणालिनीनं अर्ज लिहून न्या म्हणून सांगितलं. मी तिला विचारलं, कुठल्या हातानं लिहू. कोंडीराम समितीचे प्रतिनिधी म्हणून मतदान केंद्रात बसणार होते, ते म्हणाले, "हातमोजे घाल." लालबागमध्ये मार्च महिन्यात हातमोजे घातलेला मनुष्य पोलिसांनी दारातच धरला असता.

शाळेतल्या वर्गात केंद्र होतं. मी रांगेतून टेबलाशी पोचलो, हात पुढे केले आणि पाठ केलेला खुलासा सुरू केला. अधिकारी तरुण होता, दमलेला. त्यानं मला मध्येच थांबवलं. "असू दे. बाही वर करा. सकाळीही एकाला कोपरावरच लावली." त्यानं माझ्या कोपराला शाईचं बोट टेकवलं आणि मतपत्रिका दिली.

रंगखात्यातला कुणी कामगार असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पडद्याआड गेलो, पेटीत मत टाकलं, आणि बाहेर येऊन बायकांच्या रांगेतल्या काकींसाठी दाराशी थांबलो. काकी टेबलाशी गेल्या. नाव सांगितलं. अधिकाऱ्यानं यादीवर बोट फिरवलं.

"शेवंती सोनू परब, वय अठ्ठावन्न," तो त्यांच्या काळ्याभोर केसांकडे पाहत म्हणाला. "बरोबर. वरच्या ओळीतले रघुनाथ सोनू परब तुमचे चिरंजीव का? ते सकाळीच येऊन गेले."

कोंडीराम भिंतीशी बसले होते ते ताडकन उठले. "हरकत आहे," ते म्हणाले. "बोगस मत. समोरच्यांनी कुणीतरी घुसवलाय. हा माणूस वर्षभर इथे नाही. मी तेव्हा पानाच्या गादीवर गेलो होतो, नाहीतर तिथेच धरला असता."

काकींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी अधिकाऱ्याला विचारलं, "कसो दिसत होतो तो?"

"बाई, सकाळपासून चारशे माणसं झाली," तो म्हणाला. "पण ते आठवतात. दोन्ही हात काळे होते. ह्यांच्यासारखे." त्यानं दाराकडे, माझ्याकडे बोट केलं.

कोंडीराम माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा उतरला होता, तरी हातात हरकतीचा छापील कागद होता, आणि बोगस मत म्हणजे बोगस मत. अधिकाऱ्यानं तो कागद पुढे ओढला. "ठीक आहे, नोंद घेऊ. बाई, एवढंच सांगा. तुमचा मुलगा तुमच्याकडे राहतो की नाही? नाही म्हणालात तर मला वर कळवावं लागेल, चौकशी होईल, नाव कमी होईल."

"रवता की," काकी म्हणाल्या. "माझ्याकडेच."

अधिकाऱ्याला ते पुरेसं वाटलं नाही. आईचा शब्द आईचाच असतो. त्यानं मला आत बोलावलं. "तुम्ही शेजारी ना? काय काम करता?"

"गोदीत कारकून आहे."

"म्हणजे लिहून द्यायचं काय असतं ते तुम्हाला कळतं. हे गृहस्थ त्या पत्त्यावर राहतात का?"

माझ्या उभ्या नोकरीत मी एकही खोटी नोंद केलेली नाही. बढती न मिळण्याचं तेही एक कारण आहे. मी काकींकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर काकींसाठी बोललो असं झालं असतं. मला आठवली ती उन्हाची पट्टी, आणि मृणालिनीनं आवरून घेतलेले पाय.

"राहतात," मी म्हणालो. "दुपारी घरी असतात."

मी त्याखाली सही केली. अंगठ्याचा डाग पडला. कागद मलिन आहे असं तो अधिकारी म्हणाला नाही. कोंडीरामनी हरकत मागे घेतली आणि पाणी मागवलं.

येताना काकी माझ्या पुढे चालत होत्या. नाक्यावर थांबून त्यांनी विचारलं, "दत्तू, कोणाक दिलान असात रे मत?"

"ते गुप्त असतं, काकी. आईनंही विचारायचं नसतं."

वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं.

माझे हात हळूहळू निवळले. कातडं बदललं, रंग त्याच्याबरोबर गेला, आणि हेडक्लार्कनी मला पुन्हा फायली दिल्या. जिन्यातले ठसे मात्र चुना मारूनही वर येतात. मे महिन्यात काकींच्या भांगातून पांढरं दिसू लागलं तेव्हा मी, शेजारधर्म म्हणून, अंगणात उभा राहूनच विचारलं, "पुन्हा आणू का कलप?"

"नको रे," त्या वरून म्हणाल्या. "आता तो माका ओळखता. आत येऊन बसता."

म्हणजे मतदान केंद्रावर मी दिलेला जबाब खोटा नव्हता. सरकारी नोकराच्या दृष्टीनं ही समाधानाची गोष्ट आहे आणि मला ते समाधान आहे. रविवारी जेवण झालं की मी आणि मृणालिनी राणीच्या बागेत जातो आणि ऊन उतरेपर्यंत तिथेच बसतो. हल्ली कोंडीरामही आमच्याबरोबर येतात.